शेऱ्याचा रकाना



शिक्षणखात्याच्या भाषेत ‘गळती’ हा शब्द फार दिवसांपासून रूढ आहे. पहिलीत दाखल झालेली जी मुले शेवटच्या इयत्तेपर्यंत पोहोचत नाहीत, त्यांची गळती झाली असे अहवालांत लिहितात. गळती म्हटले की डोळ्यांपुढे पावसाळ्यातील जुने छप्पर येते. कौल सरकते, पाणी ठिबकते. ते कोणी ठिबकवत नाही. त्याचप्रमाणे मुले गळतात, त्यांना कोणी गाळत नाही. शब्दांशी रोजचा व्यवहार असूनही माझ्यासारख्या माणसाला हा शब्द बरीच वर्षे खटकला नाही, ह्याचे आता मला आश्चर्य वाटते. तो खटकला तो एका प्राथमिक शिक्षिकेमुळे, आणि लूकाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायामुळे.

पवित्र शास्त्राच्या भाषांतराच्या कामात येण्यापूर्वी काही वर्षे मी शिक्षक होतो. तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत इयत्ता चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. १९९५-९६ चे ते वर्ष. हजेरीपटावर चौसष्ट नावे, बाक तीस. त्या काळी स्कॉलरशिपची परीक्षा चौथीला असे, आणि शाळेची अब्रू त्या निकालावर तोलली जाई. वर्गातील बारा मुले मी निवडली. सकाळी शाळेपूर्वी एक तास आणि संध्याकाळी एक तास, असे जादा तास घेऊ लागलो. माझ्या हातातील खडू, माझा घसा आणि माझी उमेद ह्यांचा मोठा वाटा त्या बारा जणांकडे जात होता. मी आळशी नव्हतो, हे येथे नमूद करतो. माझी तक्रार आळसाविषयी असती तर हा लेख लिहिण्याचे कारणच पडले नसते.

खिडकीशेजारच्या बाकावर एक मुलगा बसत असे. त्याचे आईवडील ऊसतोड कामगार होते. दिवाळी झाली की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी कुटुंब कारखान्यावर जाई, आणि गाळप हंगाम संपला की चैत्रात परते. ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मूल त्या हिशेबात कोठेच नसते. ह्या मुलाला साधे शब्द वाचता येत, पण जोडाक्षर आले की तो थांबे. ‘पुस्तक’ हा शब्द तो ‘पुस’ म्हणून सोडून देई व माझ्याकडे पाही. मी मान हलवून पुढच्या मुलाला उभे करीत असे. चौसष्ट मुले आणि पस्तीस मिनिटांची तासिका, ह्यांचा भागाकार आपण करून पाहावा. दर मुलास अर्ध्या मिनिटाहून थोडे अधिक येते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला नाही. काही आठवडे मी त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करीत राहिलो. पुढे तपासणी जवळ आली तेव्हा, प्रथेप्रमाणे, लाल शाईने त्याचे नाव कमी केले आणि शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द लिहिले: ‘सतत गैरहजर’. हजेरीपट स्वच्छ झाला. टक्केवारी सुधारली. फेब्रुवारीत माझी बारा मुले परीक्षेस बसली. त्यांपैकी चौघांना शिष्यवृत्ती मिळाली आणि माझा सत्कार झाला. नारळ व शाल घेऊन मी घरी आलो तेव्हा माझ्या मनास कोणतीही टोचणी नव्हती.

टोचणी लागली ती वीसएक वर्षांनी.

भाषांतराचा मसुदा तयार झाला की आम्ही तो सामान्य श्रोत्यांपुढे वाचतो. दोनदा वाचायचे, मग कागद बाजूला ठेवायचा आणि श्रोत्यांनी ऐकलेले आपल्या शब्दांत सांगायचे. भाषांतरकाराने मध्ये बोलायचे नाही, अर्थ सुचवायचा नाही, चेहऱ्यावरसुद्धा काही दिसू द्यायचे नाही. (हे शेवटचे सर्वांत कठीण असते.) सोप्या मराठीतील लूक १५ चा मसुदा असाच वाचला जात होता. श्रोत्यांत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. दहा नाण्यांपैकी एक हरवलेल्या स्त्रीचा दृष्टान्त त्यांच्या वाट्याला आला. माझ्या मसुद्यात ती स्त्री शेजारणींना ‘माझे हरवलेले नाणे सापडले’ असे सांगत होती. बाईंनी गोष्ट सांगताना म्हटले, “ती म्हणाली, बायांनो, माझ्या हातून हरवलेलं नाणं गवसलं.”

मी नियम मोडला आणि विचारले, “बाई, ‘माझ्या हातून’ हे कोठून आले? वाचताना तसे नव्हते.”

त्या जरा ओशाळल्या. म्हणाल्या, “चुकलं का, सर? पण घरातच हरवलंय ना ते? मेंढरू चालतं, नाणं कुठं चालतंय? बाईच्या हातूनच पडलं असणार.”

वाचकहो, चूक त्यांची नव्हती, माझी होती. मूळ ग्रीक मजकुरात ती स्त्री ‘मी जे हरवले ते नाणे’ असेच म्हणते. क्रियापद प्रथमपुरुषी आहे. माझे वाक्य ऐकायला गोड लागावे म्हणून मी तिचा कबुलीजबाब गाळून टाकला होता. आणखी पाहावे. त्याच अध्यायात, त्याआधीच्या दृष्टान्तात, मेंढपाळ शेजाऱ्यांना बोलावतो तेव्हा तो मात्र ‘माझे हरवलेले मेंढरू’ असे म्हणतो. हरवण्याची क्रिया तेथे मेंढराकडे आहे. वास्तविक प्रभू येशू तो दृष्टान्त सांगू लागतो तेव्हा वाक्यरचना अशी आहे की त्या मनुष्यानेच शंभरांतले एक हरवले आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात हीच गोष्ट येते तेथे मेंढरू भटकते. लूकाकडे ते मनुष्याकडून हरवते. म्हणजे सांगणारा प्रभू म्हणतो, ‘त्याने हरवले’. मेंढपाळ स्वतः शेजाऱ्यांपुढे म्हणतो, ‘ते हरवले’. आणि स्त्री म्हणते, ‘मी हरवले’. एवढ्याशा व्याकरणावर सिद्धान्ताचा इमला बांधू नये, असे आम्हांला ग्रीक शिकवणारे प्राध्यापक बजावीत असत, आणि मी तो बांधणार नाही. परंतु आपल्या मराठीची एक खोड मात्र येथे सांगितली पाहिजे. ‘मी नाणे हरवले’ आणि ‘नाणे हरवले’ ह्या दोन वाक्यांत क्रियापदाचे रूप अगदी तेच राहते. ‘मी’ हळूच निघून गेला तरी क्रियापदाला त्याचा पत्ता लागत नाही.

शेऱ्याच्या रकान्यातून मीही तसाच निघून गेलो होतो. ‘सतत गैरहजर’ ह्याचा कर्ता तो मुलगा. गैरहजर तोच, आणि सतत तोच.

त्या दिवशी चहाच्या वेळी मी बाईंना माझी ही जुनी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, नाव काय हो त्या पोराचं?”

मला त्याचा हजेरी क्रमांक आठवला. एक्केचाळीस. नाव आठवले नाही.

आता येथे जो प्रश्न उभा राहतो त्याला मी टाळू इच्छित नाही. त्या मुलाला हरवणारे हात किती होते? कोरडवाहू जमीन, कर्ज, मुकादमाची उचल, मुलांची सोय न करणारा साखरधंदा, चौसष्ट मुलांवर एक शिक्षक नेमणारी व्यवस्था. आणि ज्यांच्या चहात ती साखर विरघळली ते आपण सारे. इतके हात असताना एका सव्वीस वर्षांच्या मास्तराने ‘मी हरवले’ म्हणणे हे सत्य आहे का? मला वाटते, तसे म्हणणे हा एक प्रकारचा गर्वही ठरू शकतो. जगाचे सर्व ओझे आपल्या खांद्यावर आहे असे मानणारा शिक्षक लवकर थकतो, आणि पुष्कळदा कडू होतो. असे शिक्षक मी पाहिले आहेत. उलट ‘ते गळले’ म्हणणे हे तर सरळ खोटे. पहिले वाक्य शिक्षकाला चिरडते, दुसरे त्याला निजवते.

बाईंच्या तोंडून सहज आलेला ‘हातून’ हा शब्द ह्या दोहोंच्या मधला आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तो अधिक खरा आहे. ‘माझ्या हातून पेला फुटला’ असे म्हणणारा, मी मुद्दाम फोडला, असे म्हणत नाही. पण पेला आपोआप फुटला, असेही म्हणत नाही. दोषाचे शेकडा किती भाग माझे आणि किती दुसऱ्यांचे, हा हिशेब ‘हातून’ मांडत नाही. ती वस्तू शेवटी माझ्या हाती होती, एवढेच तो सांगतो. आणि शोधणाऱ्याला नेमके तेवढेच हवे असते! ज्याच्या हाती ती शेवटी होती त्यालाच शोध कोठून सुरू करावा हे ठाऊक असते. नाणे आपल्या हातून पडले हे मान्य केल्यामुळेच ती स्त्री जाणते की ते ह्या घरात आहे. बाजारात नाही, वेशीबाहेर नाही. ‘ते हरवले’ म्हणणाऱ्याला सारे जग शोधावे लागेल, म्हणून तो बहुधा शोधतच नाही. कबुलीचा संबंध आपण ख्रिस्ती लोक फार लवकर शिक्षेशी आणि क्षमेशी जोडतो. तिचा एक संबंध पत्त्याशीही आहे.

माझ्याजवळ पत्ता होता. तो मुलगा ‘पुस’पाशी थांबत होता. अडखळण्याची जागा मला रोज दिसत होती, आणि त्याच्या आईवडिलांना, मुकादमाला किंवा शिक्षणखात्याला ती दिसणे शक्य नव्हते. दिवाळीला तो गेला तो उसासाठी गेला, हे खरे. पण चैत्रात परतल्यावर ज्या शाळेत आपल्याला वाचता येत नाही तेथे पुन्हा पाऊल ठेवण्याचे त्याला कारण उरले नव्हते, हेही खरे. पहिले माझ्या हातचे नव्हते. दुसरे होते.

एका अनुभवी मुख्याध्यापकांशी मी ह्याविषयी बोललो, तेव्हा त्यांनी जो आक्षेप घेतला तो हलका नाही. ते म्हणाले, “नव्व्याण्णव रानात सोडून एकामागे जाणे प्रवचनात शोभते. वर्गात नव्व्याण्णवांचेही आईबाप असतात. त्यांचा वेळ कोणाला देऊन टाकण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला?” दृष्टान्तातील मेंढपाळाने नव्व्याण्णव कोणाच्या हवाली केली हे शास्त्र सांगत नाही, आणि व्याख्याकारांनी तेथे राखणदार उभे केले आहेत ते आपल्या मनाच्या समाधानासाठी. मला त्या आक्षेपाचे पुरे उत्तर देता येत नाही. मी एवढेच म्हणतो की शिक्षकाने मेंढपाळाकडे कमी आणि त्या स्त्रीकडे अधिक पाहावे. ती नऊ नाणी टाकून कोठे जात नाही. ती दिवा लावते, घर झाडते आणि मन लावून शोधते. दिवा आणि केरसुणी ही तिची रोजचीच साधने. हरवलेल्या नाण्यासाठी तिने नवे काही विकत आणले नाही. दिवा लागला की उजेड सगळ्याच घरात पडतो.

बाईंचा अनुभव येथे उपयोगी पडतो. एका मुलीसाठी त्यांनी चौथीच्या वर्गात जोडाक्षरे पुन्हा पहिल्यापासून घेतली. फळ्यावर अर्धा ‘स’, पाय मोडलेला ‘ट’, ‘र’ चे प्रकार, सारे काही. सातआठ दिवस गेले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की आणखी अकरा मुले धडा वाचत नव्हती, म्हणत होती. त्यांनी तो पाठ केला होता. एकीला शोधताना अकरा जण सापडले. हा हिशेब नेहमीच असा जुळतो असे मात्र कोणी समजू नये. त्या वर्षी धड्यांचा क्रम मागे पडला, तीन पालक तक्रार घेऊन आले, आणि त्यांतील एका पालकाचे म्हणणे बाईंना आजही रास्त वाटते. त्याची मुलगी हुशार होती व ते आठ दिवस ती नुसती बसून होती.

एक शिक्षक आणि पुष्कळ मुले ही अडचण आजची नाही. स्कॉटलंडचे धर्मोपदेशक अँड्र्यू बेल १७८९ पासून मद्रासजवळच्या एग्मोर येथे सैनिकांच्या अनाथ मुलांच्या संस्थेचे काम पाहत होते. तेथे एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटांनी अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली. त्यांनी आपल्या शाळेतही ती रीत सुरू केली, आणि एका मुलाने दुसऱ्याला शिकवायचे अशी पद्धत बसवली. १७९७ मध्ये लंडनमध्ये त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. पुढे जोसेफ लँकेस्टर ह्यांच्या शाळांनी तसल्याच रीतीने एका शिक्षकावर शेकडो मुले सांभाळून दाखवली. स्वस्तात शिक्षण करण्याची युक्ती म्हणून तिचे कौतुक झाले, आणि त्यातील यांत्रिकपणाबद्दल टीकाही झाली; टीका मला पटते. पण आपल्याकडच्या धूळपाटीची ती गोष्ट मला आवडते. तेथे साधन म्हणजे मूठभर धूळ. चुकले की हात फिरवायचा, पुन्हा लिहायचे. लाल शाई तेथे नव्हती.

आज परिस्थिती काही अंशी बदलली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले आहे. मारणे व मानसिक त्रास देणे निषिद्ध केले आहे. जनगणना, आपत्तीतील मदतकार्य आणि निवडणूक ह्यांखेरीज शिक्षकाला अन्य अशैक्षणिक काम देऊ नये, असेही त्यात आहे. (कागद भरण्याचे काम शैक्षणिक की अशैक्षणिक, हे आपल्या ओळखीच्या एखाद्या शिक्षकाला विचारून पाहावे.) स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुले गावातच राहावीत म्हणून महाराष्ट्रात हंगामी वसतिगृहांची योजना आहे. बाईंच्या शाळेत सात मुले दिवाळीनंतर जाणारी होती. दसऱ्यापासूनच त्या संध्याकाळी घरोघर गेल्या, आज्यांशी बोलल्या, वसतिगृहाचे समजावून सांगितले. तीन मुले राहिली. चार गेली. गेलेल्या चौघांबद्दल त्यांना विचारले तेव्हा त्यांनी पर्समधून एक छोटी वही काढली. चार नावे, प्रत्येक नावापुढे कोणते पान वाचता येते, कोणते अक्षर अडते, आणि मुकादमाचा फोन नंबर. हजेरीपटात शेऱ्याला एवढी जागा नसते, म्हणून ही निराळी वही, असे त्या म्हणाल्या.

शिक्षकांना प्रेरणा कोठून मिळते, असे ५ सप्टेंबरच्या भाषणांसाठी मला अनेकदा विचारतात. यशयाच्या पन्नासाव्या अध्यायात, थकलेल्याला शब्दाने धीर देता यावा म्हणून देवाने सेवकाला कोणती जीभ दिली, हे सांगितले आहे. तेथला इब्री शब्द ‘शिकवणारे’ असा नाही, ‘शिकलेले’ किंवा ‘शिष्य’ असा आहे. देव रोज सकाळी त्याचा कान उघडतो, आणि मग ती जीभ चालते. आधी कान, मग जीभ. पूर्वी ह्या वचनावर मी फार चांगले बोलत असे. आता बोलताना मला खिडकीजवळचा बाक दिसतो आणि ‘पुस’ ऐकू येते. कान होता, पण त्याने ऐकले ते जिभेपर्यंत पोहोचले नाही.

मसुदा आम्ही दुरुस्त केला. समितीत ‘मी हरवलेले नाणे’ आणि ‘माझ्या हातून हरवलेले नाणे’ ह्यांवर बराच वेळ चर्चा झाली. काहींच्या मते ‘हातून’ ही मूळ मजकुरात भर होती. माझे मत ‘हातून’ला होते, आणि ते का होते हे मी समितीला संपूर्णपणे सांगितले नाही, कारण भाषांतराच्या बैठकीत तशी कारणे ग्राह्य धरत नाहीत. हे वाचताना माझे सहकारी हसतील.

गेल्या उन्हाळ्यात मी त्या शाळेत गेलो. कारकुनाने कपाटावरून जुने जनरल रजिस्टर काढून दिले. पाने पिवळी पडली आहेत, कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण त्या वर्षाची नोंद शाबूत आहे. त्याचे नाव आहे. वडिलांचे नाव, जन्मतारीख, गाव आहे. शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यात माझेच दोन शब्द कोणी तरी उतरवून घेतले आहेत. मी नाव व गाव वहीत लिहून घेतले. आता तो चाळिशीच्या आसपासचा असेल. लग्न झाले असेल तर त्याची मुले शाळेच्या वयाची असतील, आणि तोही कोयता घेऊन जात असेल किंवा नसेल. गाव तालुक्यापासून अठरा किलोमीटरवर आहे, बस दिवसातून दोनदा जाते. दिवाळीपूर्वी जायचे ठरवले आहे. दिवाळीनंतर ते गाव रिकामे होते.